वाचणाऱ्याचे उत्तरदायित्व : पाळत, नोंद आणि अर्थनिर्णय

१

इ. स. २०१८ च्या प्रारंभी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने भ्रमणध्वनीच्या संपर्क-नोंदींची बेकायदेशीर खरेदी-विक्री केल्याच्या आरोपावरून काही खाजगी गुप्तहेरांना अटक केली. गुन्हा कळवा पोलीस ठाण्यात नोंदला गेला. पुढील काही आठवड्यांत प्रकरणाची व्याप्ती वाढत गेली. गुप्तहेरीच्या व्यवसायातील नामवंत व्यक्ती, एक वकील आणि यवतमाळ येथील एक पोलीस शिपाई यांच्यापर्यंत तपास जाऊन पोहोचला. वकिलाच्या अटकेच्या वैधतेचा वाद त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आरोपांचा न्यायनिवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ते काम न्यायालयांचे आहे. या प्रकरणाने उपस्थित केलेला एक नैतिक प्रश्न मात्र न्यायालयाच्या कक्षेत पूर्णपणे मावत नाही, आणि तो संहिता, वाचक व अर्थ यांचा विचार करणाऱ्यांनी आपला मानावा असा आहे.

ज्या नोंदींना पोलिसी व्यवहारात 'सीडीआर' म्हणतात त्या मागवण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिला आहे. गुप्तहेराला तो नाही. म्हणून एकाच कागदाचे वाचन एकाने केले तर ते कर्तव्य ठरते आणि दुसऱ्याने केले तर अपराध. हा भेद कशावर उभा आहे? 'अधिकारावर' हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने पुरेसे असले तरी नीतिविचाराच्या दृष्टीने ते प्रश्नाची पुनरुक्तीच आहे. कारण अधिकार का असावा आणि कोणत्या अटींवर असावा, हेच तर विचारायचे आहे. यवतमाळच्या अटकेने या प्रश्नाची धार वाढवली. गुप्तहेराच्या मेजावर आलेली नोंद पोलिसांच्या दारातूनच बाहेर पडली असेल, तर अधिकृत आणि अनधिकृत वाचक यांच्यातील भिंत आपण समजतो तितकी जाड नाही. हे प्रथमच घडत होते असेही नाही. २०१३ मध्ये अरुण जेटली यांच्या संपर्क-नोंदी अशाच मार्गाने मिळवल्या गेल्याचे उघडकीस आले तेव्हाही दिल्लीतील एका पोलीस शिपायाला अटक झाली होती. त्यानंतर अशी मागणी पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच व्हावी असा दंडक घालण्यात आला. पाच वर्षांनी कळव्याचे प्रकरण उभे राहिले. दर्जा वाढवल्याने वाचन नीतिमान होत नाही, एवढा बोध तरी यातून घ्यावा लागतो.

२

विकली गेली ती वस्तू नेमकी कोणती होती, हे आधी पाहू. संपर्क-नोंदीत संभाषणातील एकही शब्द नसतो. कोणत्या क्रमांकाने कोणत्या क्रमांकाशी, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती सेकंद संपर्क साधला. उपकरण कोणते होते आणि ते कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत होते, एवढ्या आकड्यांच्या ओळी त्यात असतात. कायद्याने शब्द आणि आकडे यांत मोठा फरक केला आहे. संभाषण ऐकायचे असेल तर १९९६ च्या 'पीयूसीएल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली चौकट आड येते: गृह सचिवाच्या पातळीवरचा लेखी आदेश, दोन महिन्यांची आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांची मुदत, पुनर्विलोकन समिती. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले, तरी वरिष्ठ सचिवाचा आदेश आणि समितीचे पुनर्विलोकन हा या चौकटीचा गाभा कायम राहिला. संपर्क-नोंदींसाठी मात्र जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९१, आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४, म्हणजे कोणताही दस्तऐवज हजर करण्याविषयीची सर्वसाधारण तरतूद पुरेशी मानली जाते. एखाद्या दुकानाची वही मागवावी तशी माणसाच्या संबंधांची वही मागवता येते.

या भेदामागे अर्थाविषयीची एक धारणा आहे. अर्थ शब्दांत असतो. कोण, कोणाशी, केव्हा हे केवळ टरफल असते, अशी ती धारणा होय. सोस्यूरनंतरच्या भाषाविचाराचा प्राथमिक परिचय असलेल्या विद्यार्थ्यालाही ती भाबडी वाटेल. चिन्हाला अर्थ येतो तो इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांतून आणि भेदांतून. संपर्क-नोंद हा अशा शुद्ध संबंधांचा आलेख आहे. समजा, एका स्त्रीने रात्री अकरा वाजता बहिणीला दूरध्वनी केला, चाळीस मिनिटे; त्यानंतर एका रुग्णालयाला, दोन मिनिटे; दुसऱ्या दिवशी सकाळी एका वकिलाला; आणि त्यानंतर पतीच्या क्रमांकाशी महिनाभर संपर्क नाही. एकही शब्द न ऐकता वाचकाच्या मनात कथानक तयार होते. किंबहुना शब्द नसल्यामुळेच ते अधिक वेगाने तयार होते. कारण शब्द असते तर त्यांनी वाचकाला कुठेतरी अडवले असते. त्या बहिणीच्या घरीच कोणी आजारी असेल, वकील हा जुना वर्गमित्र असेल, पती परदेशी गेला असून दुसऱ्याच माध्यमातून रोज बोलत असेल. नोंद यांपैकी कशालाही नाकारत नाही आणि कशाचीही सूचना देत नाही.

स्थळाची नोंद तर याहून फसवी आहे. कळव्यासारख्या ठिकाणी, जिथे खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात चाळी, इमारती, डोंगरउतारावरची वस्ती आणि लोहमार्ग एकमेकांना खेटून आहेत, एका मनोऱ्याच्या कक्षेत किती भिन्न आयुष्ये येतात! डोंगरउतारावर राहणारा, खाली दुकानात आलेला आणि लोकलमधून पुढे निघून गेलेला, तिघेही नोंदीत 'कळव्यात' असतात. नोंद उपकरणाविषयी बोलते. वाचक माणसाविषयीचे विधान करतो. या दोहोंमधील अंतर भरून काढणारी क्रिया म्हणजे अर्थनिर्णय. पाळतीच्या तंत्रज्ञानाविषयीच्या चर्चेत यंत्राच्या अचूकतेवर जो भर दिला जातो त्यामुळे ही क्रिया दृष्टिआड होते. आकडा अचूक असू शकतो आणि त्याचा अर्थ सर्वस्वी चुकीचा असू शकतो.

३

शासनसंस्था वाचक म्हणून वावरते, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकार देशी भाषांतील वृत्तपत्रांचे इंग्रजी गोषवारे नियमितपणे तयार करवीत असे. मराठी गद्याचा सर्वांत चिकाटीचा वाचक, असे त्या अनुवादकाचे वर्णन कोणी केले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकातील मजकुराच्या वाचनावरून. शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेल्या उद्गारांची कविता आणि उत्सवातील भाषणांचा वृत्तांत यांचा अर्थ काय, हा त्या खटल्याचा गाभा होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला आणि नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी, तर तीन भारतीयांनी निर्दोष, असा कौल दिला. अर्थनिर्णय हा वाचकाच्या स्थानावर किती अवलंबून असतो याचे याहून बोलके उदाहरण समीक्षेच्या ग्रंथांतही सापडणे कठीण. १९०७ मधील खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कर्झनशाहीचे रूपक वाचणारे प्रेक्षक आणि १९१० मध्ये त्यावर बंदी घालणारे सरकार, यांचे वाचन तर एकच होते. परिणाम मात्र विरुद्ध झाले.

तरीही टिळकांच्या खटल्यात एक गोष्ट होती जी लक्षात ठेवली पाहिजे. वाचन उघड झाले. कोणत्या ओळीचा कोणता अर्थ लावला जातो हे लेखकाला सांगितले गेले, भाषांतर चुकीचे आहे असे म्हणण्याची संधी त्याला मिळाली. न्याय मिळाला नाही. पण अन्याय चर्चेच्या कक्षेत राहिला, म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही आपण त्याविषयी बोलू शकतो.

त्याच वसाहतकाळात दुसऱ्या प्रकारचे वाचनही चालू होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या १९११ च्या विस्ताराने संपूर्ण जमातींना जन्मतःच संशयित ठरवले. नावनोंदणी, ठाण्यावरची हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणच्या तारेच्या कुंपणातील वसाहती, ही त्या वाचनाची साधने होती. येथे कोणतीही कृती वाचली जात नव्हती. माणूस हीच संहिता होती आणि तिचा अर्थ आधीच ठरलेला होता. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्यासारख्या तरतुदींतून आणि त्याहून अधिक पोलिसी सवयीतून ते वाचन टिकून राहिले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांची चर्चा आपल्याकडे बहुधा वेदना, विद्रोह आणि बोलीचा वापर या अंगांनी झाली. त्यांचे आणखी एक महत्त्व आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या केवळ वाचले गेले त्याने स्वतःविषयीचे वाचन दुरुस्त करण्यासाठी लिहिलेली ही पुस्तके आहेत. पोलिसांच्या दप्तरात एक नोंद होती. तिला दिलेले हे उत्तर आहे. असे उत्तर देण्यासाठी ग्रंथ लिहावा लागावा आणि स्वातंत्र्यानंतर तीन-चार दशके लोटावीत, यातच त्या वाचनाची नैतिक गुणवत्ता स्पष्ट होते.

म्हणजे राज्यसत्तेच्या वाचनाचे दोन नमुने आपल्यासमोर आहेत: एक, ज्यात वाचला जाणारा उत्तर देऊ शकतो, दुसरा, ज्यात तो देऊ शकत नाही. आजची तांत्रिक पाळत यांपैकी कोणत्या परंपरेत बसते, हा खरा प्रश्न आहे.

४

पाळतीची चर्चा निघाली की आपल्या समीक्षेत मिशेल फूको आणि त्यांनी विवेचिलेले बेंथमचे वर्तुळाकार बंदिगृह हटकून येते. आपण पाहिले जात आहोत की नाही हे कैद्याला कधीच कळत नाही, म्हणून तो स्वतःच स्वतःचा पहारेकरी होतो, हा तो सिद्धान्त. चौकातील कॅमेऱ्याला आणि ठाण्यावरच्या हजेरीला तो बऱ्याच अंशी लागू पडतो. कळव्याच्या प्रकरणात मात्र तो अपुरा पडतो. ज्यांच्या नोंदी विकल्या गेल्या असे म्हटले जाते त्यांना आपण वाचले जात आहोत याची शंकाही नव्हती. त्यांच्या वर्तनाला शिस्त लागली नाही, भीतीने ते गप्प झाले नाहीत, आणि तपास झाला नसता तर त्यांना ते कधी कळलेही नसते. तरीही त्यांच्या बाबतीत काही अनुचित घडले असे आपल्याला वाटतेच. ज्या सिद्धान्तात अनुचिताचे कारण केवळ परिणामात, म्हणजे भीतीत किंवा बदललेल्या वर्तनात शोधले जाते, त्याला ही भावना समजावून सांगता येत नाही.

माझ्या मते येथील अनुचित गोष्ट पाहण्यात नाही, तशी ती परिणामातही नाही; ती वाचणारा आणि वाचला जाणारा यांच्या नात्यात आहे. माणसाच्या आयुष्याला कोणीतरी अर्थ देतो, त्या अर्थावरून निर्णय घेतले जातात, आणि ज्याच्या आयुष्याला अर्थ दिला त्याला त्या प्रक्रियेत स्थानच नसते. खाजगी गुप्तहेराकडे येणारी बरीच कामे वैवाहिक संशयाची असतात. पतीच्या वा पत्नीच्या संपर्कांची यादी हातात पडली की संशयाचे रूपांतर खात्रीत होते, आणि ज्याला आधी एक प्रश्न विचारता आला असता त्याला आता थेट निकालच ऐकवला जातो. विचारण्याच्या जागी वाचणे आले, हे त्या घरातले खरे नुकसान होय. मराठीतील 'पाळत' या शब्दाचे 'पाळणे' या क्रियापदाशी असलेले नाते उघड आहे, आणि पाळणे म्हणजे सांभाळणेही असते. जपणारा आणि संशय घेणारा यांची नजर एकाच शब्दात राहू शकते. ज्याच्यावर ती रोखली आहे त्याला तोंड उघडता येते की नाही, यावरून त्या दोन नजरा वेगळ्या ओळखता येतात.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळता येणार नाही. हरवलेले मूल, लोकलच्या डब्यात हल्ला झालेली स्त्री, खून झालेल्या माणसाचे कुटुंब यांच्या दृष्टीने पोलिसांचे वाचन हीच न्यायाची पहिली पायरी असते. स्थानकावरील कॅमेरा आणि मनोऱ्याची नोंद यांच्याअभावी किती गुन्हे उकलले नसते! मूकपणे सहन करणाऱ्याच्या बाजूने बोलणारा तो एकमेव साक्षीदार असू शकतो. ज्यांच्या घरांना भक्कम दारे आहेत अशांनीच खाजगीपणाचा कैवार घ्यावा, यात एक वर्गीय सोयही दडलेली असते. हा आक्षेप मान्य केला तरी त्यातून वाचनाचे समर्थन निघते, उत्तरदायित्वहीन वाचनाचे नव्हे. उलट, नोंद जितकी महत्त्वाची साक्ष तितकी तिची उलटतपासणी आवश्यक. निरपराध आरोपीला त्याच नोंदीतून आपण त्या वेळी अन्यत्र होतो हे दाखवता येते. पण त्यासाठी ती नोंद त्यालाही मिळाली पाहिजे आणि मुदतीत जपली गेली पाहिजे. जो मजकूर माझ्याविरुद्ध वाचला जातो तो माझ्या बाजूने वाचण्याचा मलाही अधिकार असावा, ही मागणी पीडिताच्या हिताच्या आड येत नाही. 'लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?' हा लोकप्रिय प्रश्नही येथे निरर्थक ठरतो. प्रश्न लपवण्याचा नसून अर्थाचा आहे. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही त्याचाही चुकीचा अर्थ लावला जाऊ शकतो.

५

आपल्या न्यायव्यवस्थेत या विचाराची बीजे आहेत. खरक सिंग यांना दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सोडल्यानंतरही उत्तर प्रदेश पोलिसांनी त्यांची हिस्ट्रीशीट उघडून घरावर पाळत ठेवली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने रात्री घरी जाऊन केलेली तपासणी घटनाबाह्य ठरवली, परंतु दुरून नजर ठेवणे व हालचालींची नोंद करणे यांत मूलभूत हक्काचा भंग पाहिला नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत वेगळे होते. त्यांनी ही सर्वच पाळत अग्राह्य मानली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणाचा हक्क मान्य केला आणि त्यावर आक्रमण करायचे तर कायदा, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या लागतील असे सांगितले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात नियमबाह्य दूरध्वनी-श्रवणाचे आदेश रद्द करून मिळालेले ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितले. दार ठोठावण्यापासून दूरस्थ वाचनापर्यंत कायद्याचे लक्ष हळूहळू सरकले आहे. संपर्क-नोंदींच्या आकड्यांपर्यंत मात्र ते अजून पुरते पोहोचलेले नाही.

येथे समीक्षेच्या शिस्तीकडून काही शिकता येईल असे वाटते. समीक्षकही दुसऱ्याच्या निर्मितीला अर्थ देतो, आणि त्याचे वाचनही कधी क्रूर असते. पण तो आपल्या नावाने लिहितो. संहितेतील आधार दाखवतो. कशावरून हा निष्कर्ष काढला हे सांगतो. पर्यायी अर्थाला जागा ठेवतो, आणि लेखकाला किंवा दुसऱ्या समीक्षकाला त्याचे म्हणणे खोडता येते. या अटी सौजन्याच्या नसून ज्ञानाच्या आहेत, कारण त्यांच्याविना अर्थनिर्णय आणि लहर यांत फरक करता येत नाही. पोलिसी वाचनालाही याच अटी लागू व्हाव्यात. प्रत्येक मागणीमागे नामनिर्देशित अधिकारी आणि लेखी कारण असावे. ते कारण पोलीस दलाबाहेरच्या कोणीतरी तपासावे. तपासाला बाधा येणार नाही अशा टप्प्यावर संबंधित व्यक्तीला कळवले जावे. आणि गरज संपल्यावर नोंद नष्ट व्हावी. या अटी पाळल्या असत्या तर एका शिपायाला कोणाच्याही आयुष्याचा नकाशा बाहेर देणे फार कठीण झाले असते. आणि तरीही दिला गेलाच, तर तो कोणी मागवला होता हे शोधण्यासाठी सापळा लावावा लागला नसता.

६

पुढचा टप्पा याहून अवघड आहे. महाराष्ट्र पोलिसांकडे बोटांचे ठसे, चेहरा, डोळ्यांची बुबुळे यांची सांगड घालणारी 'अँबिस' ही संगणकीय प्रणाली आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने १९२० च्या बंदी-ओळख कायद्याची जागा घेऊन घ्यावयाच्या मापांची आणि ज्यांची मापे घ्यायची त्या व्यक्तींची कक्षा रुंदावली. २०२४ मध्ये राज्य शासनाने पोलिसी कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी 'मार्व्हल' या नावाची स्वतंत्र कंपनी स्थापन केली. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात शासनाने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. या साऱ्यांचा एकत्रित परिणाम असा की वाचन करणारा माणूसच प्रक्रियेतून मागे सरतो. शिपायाला विचारता येते, 'तू हे का वाचलेस?' सहा विरुद्ध तीन असा कौल देणाऱ्या ज्युरींनाही इतिहास जाब विचारतो. हजारो चेहऱ्यांतून एक चेहरा पुढे करणाऱ्या यंत्राला कारण विचारले तर ते साम्याचा आकडा सांगते, आणि अधिकारी यंत्राकडे बोट दाखवतो. अर्थ लावला गेला, पण तो कोणीच लावला नाही, अशी विचित्र अवस्था निर्माण होते.

लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून समीक्षेने एकेकाळी वाचकाला मुक्त केले. साहित्याच्या क्षेत्रात त्या मुक्तीने बरेच काही दिले, कारण तेथे वाचकाच्या हाती कोणाला अटक करण्याची सत्ता नसते. ज्या वाचनाच्या टोकाला अटक, झडती, तडीपारी किंवा मोडलेले घर असते तेथे हे सूत्र उचलून नेता येणार नाही. तेथे ज्याचे आयुष्य संहिता झाले तो जिवंत असतो, कळव्याच्या एखाद्या चाळीत राहत असतो, आणि त्याला आपल्याविषयी काय वाचले गेले हे जाणून घ्यायचे असते. त्याला ते सांगणे आणि त्याचे ऐकणे हे वाचणाऱ्यावरचे ऋण आहे. पोलीस ते मानतील तर गुप्तहेर आणि पोलीस यांच्यातील ज्या भेदापासून आपण आरंभ केला त्याला नैतिक आधार मिळेल. ते मानणार नसतील, तर दोघांमध्ये गणवेशाखेरीज फारसे अंतर उरत नाही.